तुझ्या वाटणीची प्रार्थना

हे पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाहून आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं लिहिणारीचं म्हणणं आहे. वय ३२. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा ९ वर्षांचा, त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, एसएस प्रकारचा. मुलगी ५ वर्षांची. गावात ख्रिस्ती घर हे एकच, मंडळी, म्हणजे चर्च, १८ किलोमीटरवर. सासूबाई त्याच घरात, पण त्या जुन्या रीतीच्या. पत्राच्या शेवटी तिनं रविवारचं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आणि सप्त्याच्या वर्गणीचंही विचारलं आहे. मधला भाग तिच्याच शब्दांत देते:

"मावशी, नाताळाच्या आठ दिवस आधी पोराचं रात्री दुखणं सुरू झालं. पाय, कंबर. लय रडला. मी त्याले गरम पाणी पाजलं, दोन गोधड्या टाकल्या, दवाखान्यातली दुखण्याची गोळी देल्ली. मंग उशाशी बसून प्रार्थना करत राह्यली. बारा वाजले, दोन वाजले, काई फरक नाई. सासूबाई भगताले घेऊन आल्या. मी अडवाले पायजे होतं. पन मीच पोराचा हात पुढं केला. त्यानं काळा गंडा बांधला. पहाटे पोरगं झोपलं. मंग उपवास-प्रार्थनेले बाहेरून एक सेवक आले. ते म्हनाले, घरात लपवलेलं पाप हाये, बापदाद्याचा शाप हाये, म्हनून लेकराचं रक्त खराब झालं. विश्वास असन तर गोळ्या बंद करा. गोळ्या मी बंद नाई केल्या. आता तेबी पापच वाटते. नाताळाले प्रभुभोजन घेतलं नाई, ताट पुढं सरकवलं. प्रार्थनेले बसलं का तोंडातून शब्द निंगत नाई. देव हाये का नाई, का त्यानं मलेच सोडलं, काई समजत नाई. वेचणीतून आल्यावर अंगात जीव राहत नाई. मावशी, माझा विश्वास गेला का?"

पोरी, सलाम.

तुझा शेवटचा प्रश्न मोठा आहे, पण आधी लेकराचं बोलते. मिशनच्या दवाखान्यात ३१ वर्षं नर्स म्हणून काढली, माझं डोकं आधी तिकडेच जातं.

गोळ्या बंद केल्या नाहीत, हे तू पाप म्हणून लिहिलंस. ती ओळ वाचून मी देवाचे आभार मानले. फॉलिक ॲसिडची गोळी चालू राहू दे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिली असेल तर तीही चालू राहू दे, आणि रक्त तपासायची तारीख चुकवू नकोस. कोणी स्टेजवरून सांगो, कोणी डोक्यावर हात ठेवून सांगो, गोळी बंद करायची नाही. पोरानं दिवसभर पाणी पीत राहिलं पाहिजे, शाळेत बाटली भरून दे. थंडीत अंग उघडं पडू देऊ नकोस. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, एकाएकी पांढराफटक पडला, डाव्या बाजूनं पोट फुगलं, हातापायातली शक्ती गेली, यातलं एक जरी दिसलं तरी घरी शेकत बसायचं नाही. लगेच दवाखाना. प्रार्थना गाडीत बसून करायची. धाकटीची तपासणी झाली नसेल तर उपकेंद्रात सांगून करून घे. एसटीत सिकलसेलच्या पेशंटला सवलत मिळते, डेपोत विचार. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्या दाखल्याचंही बघ. तू पुण्यकर्म समजून करतेस त्या कितीतरी गोष्टींपेक्षा पोराच्या दप्तरातली ती पाण्याची बाटली मला मोठी वाटते.

आता ते 'रक्त खराब' आणि 'बापदाद्यांचा शाप'. हे शब्द मला फार लागले, कारण चाळीस वर्षांपूर्वी असेच शब्द माझ्या घरात बोलले गेलेत. ते पुढे सांगते. आधी हे समजून घे. प्रत्येक मूल आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी गुणांची जोडी घेऊन येतं. तू आणि तुझा नवरा, दोघांच्याही जोडीत एक साधा गुण आहे आणि एक सिकलचा. तुम्ही दोघं वाहक. म्हणून तुम्हाला स्वतःला त्रास नाही. दोघांकडूनही सिकलचाच आला की मूल एसएस होतं. दर बाळंतपणात चारातली एक शक्यता. दिवस गेले तेव्हा तू काय खाल्लंस, किती उपवास केलेस, दशांश दिलास की राहिला, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आणि हा गुण आपल्या भागात इतक्या घरांत आला कुठून? पूर्वी हिवतापानं घरंच्या घरं बसायची. ज्या लेकरांमध्ये हा गुण एकेरी होता, ती हिवतापाच्या जीवघेण्या तडाख्यातून जास्त वाचली. ती मोठी झाली, त्यांना मुलंबाळं झाली, गुण पुढे आला. म्हणजे तुझ्या एखाद्या खापरपणजीला ज्यानं लहानपणी जगवलं, तेच दोन्ही बाजूंनी एकदम येऊन तुझ्या पोराला छळतंय. मला त्यात दुःख दिसतं. शाप कुठेच दिसत नाही.

आणि शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, म्हणशील तर यहेज्केलाचा अठरावा अध्याय काढ. लोकांत एक म्हण होती, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले पोरांचे. देव म्हणतो, ही म्हण पुन्हा तुमच्या तोंडी येता कामा नये. मग योहानाचा नववा अध्याय. जन्मापासून आंधळा माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं? प्रभू म्हणतो, ह्याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. त्या सेवकांच्या मनात काय होतं ते देव जाणे, पण त्यांची ही शिकवण चूक आहे. आजारी लेकराच्या आईला असं सांगणं तर त्याहून मोठी चूक आहे.

गंड्याचं. त्या रात्री आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते तूच लिहिलंयस. गरम पाणी, दोन गोधड्या, गोळी. भगत आला त्यानंतर. सिकलचं दुखणं चढतं, ठाण मांडून बसतं आणि ओसरतं. कधी काही तासांत, कधी दोन-चार दिवसांत. ऊब, पाणी आणि औषध यांना अंगात कामाला लागायला वेळ लागतो. गंडा पहाटेच्या जवळ बांधला गेला, म्हणून पहाटेचं नाव त्याच्यावर पडलं. तू प्रार्थना वाया गेली असं धरून बसलीस, पण मागत होतीस त्यातलं बरंच देवानं तुझ्याच हातून पोराला पाजलं होतं.

धागा काय, कापसाचा. तुमच्याच वावरातल्या कापसाचाही असेल. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही. मग धाग्याला कशाला भ्यायचं?

तरी तुला बोचतंय, आणि ती बोच मी खोटी ठरवणार नाही. ती धाग्याची नाहीच. त्या घटकेला तुला वाटलं, देव पुरला नाही, आता दुसरं कोणीतरी बघू, आणि हात पुढे झाला. बोचतंय ते हे. मग तेवढंच देवाला सांग, जसं मला लिहिलंस तसं, तुझ्या बोलीत. एकदाच सांग. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की आपण पापं कबूल केली तर तो क्षमा करतो. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं: आपलं मन आपल्याला दोषी ठरवत राहिलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे, आणि त्याला सगळं ठाऊक आहे. सगळं म्हणजे तो हातही, आणि त्याआधी पाच तास पोराचे पाय दाबत बसलेले दोन हातही. कबूल करून झालं की रोज रात्री तेच उकरून काढायचं नाही. खपली रोज उचकटली तर जखम भरत नाही, हे मी नर्स म्हणून सांगते.

प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं आठव. प्रभूला धरून नेलं त्या थंडीच्या रात्री तो वाड्याच्या अंगणात शेकोटीजवळ हात शेकत उभा होता आणि तिथेच तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. नंतर एका पहाटे प्रभू तळ्याच्या काठावर त्यांची वाट पाहत होता. विस्तव पेटलेला, त्यावर मासे, बाजूला भाकर. योहानानं दोन्ही ठिकाणी कोळशांचाच विस्तव लिहिला आहे. त्या धुराच्या वासानं पेत्राच्या पोटात काय कालवलं असेल! आणि प्रभू काय म्हणाला? या, न्याहारी करा. आधी खाऊ घातलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर तुझी प्रीती आहे का? तू असं का केलंस, हे एकदाही विचारलं नाही. दिवसभर चुलीपुढे, धुरात असतेस, म्हणून तुला ही गोष्ट सांगावीशी वाटली.

सासूबाईंशी यावरून भांडू नकोस. रात्री दोनला, डिसेंबरच्या थंडीत, म्हातारी बाई गावातून चालत गेली ती नातवाच्या मायेनं. गंडा अजून हातात असेल तर ओरबाडून काढू नकोस. पोरासमोर त्यावरून तंटा झाला तर त्याला वाटेल, आपल्या दुखण्यानं घरात भांडणं होतात. मग तो दुखणं लपवायला लागेल. अशी लपवणारी लेकरं मी वॉर्डात पाहिली आहेत, फार उशिरा आणलेली. त्याला जवळ घेऊन सांग, बाळा, तुला बरं करणारा येशू आहे, गोळी आणि पाणी त्याचंच आहे, हा दोरा नाही. दोरा तू आणि तो मिळून शांतपणे सोडा. सासूबाईंना म्हण, "आई, पुढच्या वेळी आधी गाडी बोलवू." आणि त्यांना काम दे. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती, कंबर शेकायचं फडकं त्यांच्या हाती. हातात काही नसलं की माणूस भगताकडे धावतं.

आता चाळीस वर्षांपूर्वीचं सांगते.

माझी धाकटी बहीण १९ व्या वर्षी गेली. आमच्या गावात तेव्हा सिकल हे नावही कोणाला ठाऊक नव्हतं, सांधेवात म्हणायचे. मी तेव्हा नुकती नर्स झालेली, दवाखाना दूर. श्रावणात तिला ताप भरला, छातीत दुखू लागलं. नाल्याला पूर होता. बैलगाडी अलीकडच्या काठावर उभी राहिली ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. मातीच्या दिवशी मंडळीतल्या एका मोठ्या माणसानं माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की घरात काहीतरी अडखळण असल्याशिवाय असं होत नाही. माझे वडील गाण्याच्या वेळी पहिल्या बाकावरून ढोलकी वाजवायचे. त्या रविवारपासून ते शेवटच्या बाकावर बसायला लागले. मरेपर्यंत तिथेच बसले. ढोलकी दुसऱ्यानं घेतली.

मी ड्युटीवर परत आले. वॉर्डात रोज सकाळी प्रार्थना असायची आणि सिस्टर लोक पाळीपाळीनं ती चालवायच्या. माझी पाळी आली. उभी राहिले, तोंड उघडलं आणि काही येईचना. खाटांवरचे पेशंट डोळे मिटून थांबलेले. एक म्हातारा खोकला. सलाईनचे थेंब दिसत होते, ते मी मोजत राहिले. वॉर्डातली आया तेव्हा फरशी पुसत होती. पन्नाशीची बाई, अक्षर वाचता यायचं नाही. तिनं फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले, माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, तुमी नुसत्या उभ्या राहा. तुमच्या वाटणीची मी म्हनतो."

आणि तिनं प्रभूची प्रार्थना सुरू केली. वॉर्ड तिच्यामागे म्हणू लागला.

आठ-नऊ महिने ती माझ्या वाटणीची म्हणत राहिली. मी नुसती शेजारी उभी. तिच्या हातांना फिनेलचा वास यायचा. त्या दिवसांत मला देव जाणवला, असं मी तुला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. मला जाणवायचा तिचा खांदा. मग एका सकाळी, कोणत्या ते आठवत नाही, 'आमची रोजची भाकर' या शब्दांपाशी मला माझाच आवाज ऐकू आला. आया थांबली नाही, वळून पाहिलंही नाही, म्हणत राहिली. त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

ती प्रार्थना आपण पाठ म्हणतो, पण एक बघ: तिच्यात 'मी' आणि 'मला' कुठेच नाही. आमच्या पित्या, आमची भाकर, आमची पापं, आम्हाला सोडव. गावात तुझं एकटीचं घर असेल, रात्री चुलीपुढे तू एकटी असशील, तरी म्हणताना 'आमच्या'च म्हणावं लागतं. प्रभूनं ती शिकवलीच अशी की कोणाला ती एकट्यानं पुरी करता येऊ नये.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. कफर्णहूमातलं ते घर, दारापर्यंत माणसांची दाटी. मग चौघं छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. मार्क लिहितो, त्यांचा विश्वास पाहून येशू त्या माणसाशी बोलला. त्यांचा! बाजेवरच्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, तो काही मानत होता की नव्हता, याबद्दल मार्क एक शब्द लिहीत नाही.

पोरी, तुझा विश्वास गेला नाही. तू सध्या बाजेवर आहेस. आणि बाजेवर पडून तू स्वतःची बाज स्वतःच उचलू पाहते आहेस. म्हणून तुला वाटतं, आपल्यात बळ उरलं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं: मंडळीतल्या कोणा एका बाईला हे सगळं सांग. गंड्यासकट. चार सापडणार नाहीत, एक शोध. फार शिकलेली, फार गाणारी नको. जिच्या पोटात गोष्ट राहते अशी बघ. तिला म्हण, मला सध्या प्रार्थना होत नाही, संध्याकाळी पाच मिनिटं फोन लाव, तू म्हण, मी ऐकते. भाकरी थापता थापता ऐक. तेवढं पुरतं. तशी बाई सापडेपर्यंत, आणि सापडल्यावरही, संध्याकाळी सातला तुझ्या वाटणीची मी म्हणते आहे. हे पत्र आलं त्या दिवसापासून म्हणते आहे.

देव आहे की नाही, असं तुला वाटतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. त्याचा शेवटचा शब्द अंधार आहे, त्यापुढे दिलाशाची एकही ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, आणि सगळी तक्रार देवाकडेच तोंड करून केलेली आहे. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप तर तुझ्यासारखाच, लहानपणापासून आजारी असलेल्या पोराला घेऊन आलेला. तो म्हणतो, काही करता येत असेल तर करा. मग रडत म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एका दमात. आधी अविश्वास घालवून ये मग बघू, असं प्रभू त्याला म्हणाला नाही. त्याचं पोरगं बरं झालं. तुझं त्या रात्री का झालं नाही, पौलानं तीनदा विनवूनही त्याच्या अंगातला काटा का राहिला, माझी बहीण नाल्याच्या अलीकडे का गेली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून जरा जपून राहा.

आणि थकव्याला अविश्वास समजू नकोस. एलीया संदेष्टा पळून पळून एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवानं त्याला काही समजावलं नाही. झोपू दिलं. दूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं झालं ते नंतर, डोंगरावर. तू सकाळी उठून स्वयंपाक, मग उन्हं उतरेपर्यंत वेचणी, पाठीवर ओटी, बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली, आणि रात्री पोराकडे एक कान उघडा. अशा बाईला प्रार्थनेला बसल्यावर झोप येणारच. येऊ दे. नवऱ्याला सांग, एक दिवसाआड रात्रीचा कान त्याचा. स्वतःचं हिमोग्लोबिनही तपासून घे. अंगात रक्त कमी असलं की मनही अंधारतं, हे मी वर्षानुवर्षं बायकांमध्ये पाहिलं आहे.

प्रभुभोजनाचं ताट तू पुढे सरकवलंस, कारण अयोग्य रीतीनं खाणाऱ्याबद्दल पौलानं जे लिहिलंय त्याची तुला धास्ती. यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. तिथे शिकलेले एक पाळकसाहेब आम्हा नर्सेसचा शास्त्रवर्ग घ्यायचे. त्यांनी हा भाग आम्हाला मागून पुढे वाचायला लावला. करिंथात काय चाललं होतं? पैसेवाले आधी येऊन पोटभर खायचे, प्यायचे, आणि मजूर माणसं कामावरून येईपर्यंत ताट रिकामं. कोणी उपाशी, कोणी झिंगलेला. पौल संतापला तो या रीतीवर. योग्य माणसानंच खावं, असं तो म्हणत नाही, नाहीतर त्या मेजावर कोणीच बसलं नसतं. आणि तो म्हणतो, माणसानं स्वतःला पारखावं आणि मग खावं. पारखून उठून जावं, असं नाही. तुझं पारखणं महिनाभर चाललंय, पोरी. आता खा. पाळकसाहेबांना आधी दोन शब्द सांगावेसे वाटले तर सांग, नाही सांगितलं तरी चालेल.

राहिलेल्या गोष्टी. वेचणीच्या दिवसांत दर रविवारी १८ किलोमीटर होत नसेल तर महिन्यातून दोनदा जा. बाकीच्या रविवारी घरी नवऱ्याला एखादा भाग वाचायला सांग. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडचा कापूस खाल्ला, तेव्हा आमच्या मंडळीत हबक्कूकाचा शेवट रविवारमागून रविवार वाचत होते, शेतात पीक नाही, गोठ्यात ढोरं नाहीत, तरी. तिथून सुरुवात करा. हळदीकुंकवाला शेजारणींकडे जा, तिळगूळ घे, दे, दोन गोष्टी बोल. कुंकू लावून घ्यायचं की नाही ते तुझ्या मनाला विचार, आणि काही ठरवलंस तरी त्या बायांना हिणवल्यासारखं होऊ देऊ नकोस. सप्त्याच्या वर्गणीचं नवरा-बायको बसून ठरवा आणि जे ठरेल ते गोडीनं, एकदाच सांगा. पंगतीला पाणी वाढायला माणूस लागतं, तिथे हात लावायला काही हरकत नाही. अरामी सरदार नामान अलीशाला विचारतो, धनी माझ्या हातावर भार टाकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, देव मला क्षमा करील का? अलीशानं त्याला नियम सांगितले नाहीत. म्हणाला, शांतीनं जा. गावात एकट्यानं राहणं काय असतं, हे त्या संदेष्ट्याला कळत होतं.

या रविवारी जमलं तर जा. शेवटच्या बाकावर बसू नकोस, मधे कुठेतरी बस, चार बायांच्या मधे. गाणं नाही आलं तर नको म्हणू, त्या म्हणतील. भाकर तुझ्यापुढे आली की हात पुढे कर. आणि गाडीवर पोराला दोघांच्या मधे बसव, कानटोपी घाल, स्वेटरवरून शाल गुंडाळ. सकाळच्या वाऱ्यानं त्याचे गुडघे धरतात. पाण्याची बाटली विसरू नकोस.